तीन तास लोकल, सहा प्रकारच्या फाइली: कुठला म्युझिक प्लेअर टिकेल?

बदलापूर_८१७ (सोमवार, रात्री १०.४२)

मंडळी, नमस्कार.

रोज बदलापूर ते सीएसएमटी, ८.१७ची. जाऊन-येऊन तीन तास धरा, गाडी रखडली की साडेतीन. आजवर फोनवरच ऐकत आलो. पण आता पास फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ऑफिसची हजेरीसुद्धा फोनवर. संध्याकाळी कुर्ला येईस्तोवर बॅटरी १५ टक्क्यांवर येते आणि मग ख्यालातलं द्रुत ऐकायचं की रिक्षावाल्यासाठी चार टक्के राखून ठेवायचे, हा प्रश्न पडतो. वर नव्या फोनला इअरफोनची पिन लावायला भोकच नाही.

म्हणून वेगळा प्लेअर घ्यायचं डोक्यात आहे. अडचण फाइलींची. संग्रह वीसेक वर्षांत साठत गेला आणि त्या-त्या वेळी जे हाताशी होतं त्यात साठला. २००४-०५ला घरच्या एक्सपीवर विंडोज मीडिया प्लेअरने सीडी उतरवल्या, त्या झाडून सगळ्या डब्ल्यूएमए. बायकोचा संग्रह आयट्यून्समधला, म्हणजे एम४ए. र्‍हिदम हाउस २०१६च्या फेब्रुवारीत बंद झालं, त्याआधी तिथून घेतलेल्या शास्त्रीयच्या सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळता आकार कमी करणार्‍या फॉरमॅटमध्ये. बाबांच्या कॅसेटी लॉकडाउनमध्ये डेक लावून उतरवल्या, त्या वेव्ह, तासातासाची एकेक फाइल. मित्रांकडून आलेल्या एमपी३ आहेतच, मूठभर ऑगही आहेत.

रविवारी चार्ज केला की शनिवारपर्यंत चालावा, म्हणजे १८ तास. आणि वरचं सगळं वाजावं. बजेट दहा-बारा हजार. त्याच्या वरचा आकडा घरात सांगता येणार नाही.

मधली_सुट्टी (सोमवार, रात्री १०.५८)

८.१७ला कानात काही घालायला हात वर काढता येतो का हो? आम्ही कल्याणला चढतो. हात जिथे राहिला तिथेच राहतो, थेट दादरपर्यंत.

फुकटफौजदार (सोमवार, रात्री ११.०५)

पॉवर बँक घ्या हजार रुपयांची. धागा संपला.

बदलापूर_८१७ (सोमवार, रात्री ११.२०)

@मधली_सुट्टी, बदलापूरला चढतो म्हणून खिडकी मिळते. तेवढंच एक सुख आहे, त्यावर नजर लावू नका.

@फुकटफौजदार, पॉवर बँक आहे. फोनला वायर, पॉवर बँकेला वायर, इअरफोनचं टाइप-सीचं शेपूट वेगळं. खिशातून बाहेर काढलं की मदारी दिसतो.

कानसेन (मंगळवार, सकाळी ७.१५)

चांगला प्रश्न. जरा सविस्तर लिहितो.

खोक्यावरचे तास कंपनीने कसे मोजले ते आधी बारीक अक्षरात वाचा. बहुतेक वेळा स्क्रीन बंद, ब्लूटूथ बंद, इक्वलायझर बंद, आवाज मध्यम, आणि फाइल १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे बरीच दाबलेली) एमपी३. सोनीच्या एनडब्ल्यू-ए५५चे ४५ तास असेच १२८च्या एमपी३वरचे आहेत. हा २०१८चा मॉडेल, त्यात सोनीची स्वतःची साधी सिस्टीम. पुढच्याच वर्षी आलेला ए१०५ अँड्रॉइडवर गेला आणि आकडा २६ तासांवर आला. २०२३चा ए३०६ पुन्हा ३६ तासांवर चढला. एकच घराणं, तीन आकडे. अँड्रॉइड आलं की ऑनलाइन गाणी, अ‍ॅप वगैरे सगळं मिळतं, पण मागे काहीतरी सतत चालू राहतं. नुसता खिशात पडून असला तरी थोडा थोडा उतरतो.

आता चिनी छोटे. शानलिंगचा एम०, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, ६४० एमएएचची बॅटरी, कंपनी म्हणते १५ तास. त्याचा पुढचा एम० प्रो इअरफोनच्या साध्या जोडणीवर साडेचौदा तास आणि बॅलन्स्ड जोडणीवर १० तास. वस्तू तीच, बॅटरी तीच, फक्त वायर कुठली लावली एवढ्यावर साडेचार तास गेले. कारण बॅलन्स्डमध्ये दोन्ही कानांसाठी दोन-दोन अ‍ॅम्प्लिफायर चालतात.

एक घरगुती युक्ती. एमएएचला तासांनी भागा. ६४० भागिले १५, म्हणजे साधारण ४३ मिलीअँपिअर. चिप, कार्ड आणि कानातला आवाज हे सगळं त्यात चालतं. बरा प्लेअर या आसपास खातो. उद्या फुटपाथवर कोणी ३०० एमएएचचा डबा '५० तास' म्हणून दाखवला तर भागाकार ६ येतो. सहामध्ये नुसती दिवाळीची माळ लुकलुकेल.

तुमच्या १८ तासांसाठी कागदावर २५ तरी हवेत. बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होणार, तो हिशोब आजच धरा.

अडगळ (मंगळवार, सकाळी ९.४०)

कानसेनकाका, तुम्ही कोरियावाल्यांना विसरलात! कोवॉन डी२, ५२ तास. कोवॉन एक्स७, शंभराच्या वर, १०३ तास. आणि दोन्हींवर फ्लॅक, ऑग, एपीई सगळं तेव्हापासून वाजायचं, जेव्हा बाकीच्यांना फ्लॅक म्हणजे साबणाचं नाव वाटायचं. आयरिव्हरचे आयएफपी तर पेन्सिल सेलवर. एक डबल-ए घाला, कंपनीचा दावा ४० तासांपर्यंतचा. संपला की व्हीटीच्या सबवेत दुसरा विकत घ्या. बॅटरी फुगायची भानगडच नाही.

कानसेन (मंगळवार, सकाळी १०.०२)

विसरलो नाही, पण आज मिळणार कुठे? चोर बाजारात शुक्रवारी पहाटे एखादा दिसेल, त्यातली बॅटरी पंधरा वर्षांची. ५२चे ५.२ झाले असतील.

सुरपेटी (मंगळवार, दुपारी २.३०)

शास्त्रीय ऐकता असं लिहिलंय म्हणून येतेय. तास मोजा, फॉरमॅट मोजा, पण दुकानात तिसरी एक गोष्ट नक्की तपासा: दोन ट्रॅकच्या मधली फट.

आपल्याकडच्या कितीतरी सीडींवर विलंबित हा एक ट्रॅक आणि द्रुत हा पुढचा. मैफलीतलं रेकॉर्डिंग असेल तर दोघांच्या मध्ये तानपुरा अखंड चालू असतो. स्वस्त प्लेअर तिथे अर्धा सेकंद गप्प होतो. तानपुरा असा तुटला की माझ्या पोटात खड्डा पडतो. तबलजी सम गाठायला निघालाय आणि मध्येच कोणी पंखा बंद केल्यासारखं.

कारण साधं आहे. एमपी३ची फाइल ठरावीक तुकड्यांत बांधलेली असते, १,१५२ सॅम्पलचा (आवाजाच्या सुट्या मोजमापांचा) एक तुकडा. गाणं काही बरोब्बर तेवढ्यावर संपत नाही, म्हणून पुढेमागे शांतता भरली जाते. लेम नावाचा एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, किती शांतता भरली याची नोंद फाइलच्या सुरुवातीला करून ठेवतो, आणि शहाणा प्लेअर ती वाचून तेवढी कापतो. आयपॉडला हे २००६मध्ये जमलं. फ्लॅकमध्ये मुळात ही भरती नसते. पण प्लेअरने एक फाइल बंद करून दुसरी निवांतपणे उघडली तर फ्लॅकमध्येही फट येतेच. तेव्हा 'गॅपलेस' आहे का विचारा, आणि विचारून थांबू नका, तुमची स्वतःची दोन ट्रॅकची फाइल नेऊन वाजवून बघा.

अजून एक. देवनागरी. गाण्यांची नावं मराठीत लिहिली असतील तर स्वस्त प्लेअरवर नुसते चौकोन दिसतात. त्यातले थोडे बरे असतात ते अक्षरं दाखवतात, पण वेलांटी भलत्याच जागी. 'किशोरी'ची पहिली वेलांटी क सोडून श वर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. कार्डावर 'क्षितिज', 'स्थायी', 'कीर्ती' अशा नावाच्या तीन फाइली टाकून घेऊन जा. तीन मिनिटांत निकाल लागतो.

टिपकागद (मंगळवार, दुपारी ३.१०)

सुरपेटीताईंना अनुमोदन. त्यात भर: जुन्या एमपी३मध्ये आयडी३ची (फाइलच्या आत गाण्याचं नावगाव लिहायच्या चिठ्ठीची) पहिली आवृत्ती असेल तर नावाला फक्त ३० अक्षरांची जागा, आणि युनिकोडची सोयच नाही. दुसर्‍या आवृत्तीत युनिकोड आलं. फ्लॅकमध्ये नावं सरळ यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोडमध्येच, त्यामुळे तिथे भांडण कमी. माझ्याकडे एकाने श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, टाइप केलेली शंभरेक अभंगांची सीडी दिली होती. प्लेअरवर सगळे अभंग '´Ö¯Ö' असल्या भाषेत. तुकोबांनीही हात टेकले असते.

फुकटफौजदार (मंगळवार, संध्याकाळी ६.४४)

लोकलमध्ये फ्लॅक ऐकणार! मागे भजनी मंडळ, पुढे 'पुढील स्टेशन', डोक्यावर पंख्याचा खडखडाट. यांना १२८ आणि फ्लॅकमधला फरक कळणार. सगळं एमपी३ करा, दोन हजारांचा कुठलाही प्लेअर घ्या. शिवाय फ्लॅक बॅटरी पिते, हे बारकं पोरही सांगेल.

बदलापूर_८१७ (मंगळवार, रात्री ९.३०)

फरक कळतो असा माझा दावा नाही. पण हजारो फाइली बदलत बसायला सुट्ट्या कुठून आणू? आणि डब्ल्यूएमएचं एमपी३ करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एकदा माहिती गाळलेली, त्यातून पुन्हा गाळायची. ते नको.

फ्लॅक खरंच बॅटरी पिते का? यावर कोणीतरी नीट सांगा.

अडगळ (मंगळवार, रात्री १०.१५)

मी सांगतो, हा माझा जुना आजार आहे. सॅनडिस्कच्या क्लिप प्लसवर आणि आयपॉडवर रॉकबॉक्स घालून किती रात्री घालवल्यात ते घरी विचारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रॉकबॉक्स म्हणजे प्लेअरची मूळ सिस्टीम बाजूला सारून बसवता येणारं फुकट सॉफ्टवेअर. २००१ पासून लोक हौसेने लिहितायत, आणि प्लेअर मेले तरी हे जिवंत आहे. २०२५मध्ये ४.० आवृत्ती आली.

मुद्दा असा. 'फ्लॅक बॅटरी पिते' हे हार्डडिस्कच्या काळातलं सत्य आहे. लोक काळ विसरले आणि वाक्य तेवढं धरून ठेवलं.

जुन्या आयपॉडमध्ये १.८ इंची फिरती डिस्क होती. ती फिरली की बॅटरी खाते. म्हणून प्लेअर काय करतो, एकदा डिस्क फिरवून पुढची गाणी मेमरीत भरून घेतो आणि डिस्क झोपवतो. समजा ३० एमबी भरून घेतले. १२८च्या एमपी३चे ३० एमबी म्हणजे अर्ध्या तासाचं गाणं. फ्लॅकचा वेग ९०० केबीपीएसच्या आसपास धरा, तर तेच ३० एमबी साडेचार मिनिटांत संपतात. एकीकडे डिस्क अर्ध्या तासाने उठते, दुसरीकडे दर साडेचार मिनिटांनी. बॅटरी संपणारच.

आजच्या प्लेअरमध्ये फिरणारं काही नाही, कार्ड आहे. कार्डावरून वाचायला वीज नगण्य लागते. उरलं उलगडण्याचं काम. त्यात तर फ्लॅक एमपी३पेक्षाही हलकी! फ्लॅकमध्ये पुढचा सॅम्पल काय असेल याचा अंदाज आणि उरलेला फरक एवढंच लिहिलेलं असतं, ती बेरीज-गुणाकाराची कामं. एमपी३ला ध्वनीच्या पट्ट्यांचं गणित उलटं सोडवावं लागतं. रॉकबॉक्सवाल्यांनी फॉरमॅटनिहाय प्रोसेसरचा भार मोजलेला आहे, त्यात फ्लॅक सगळ्यात हलक्यांपैकी.

खरं पिणारं वेगळं आहे. एपीई, म्हणजे मंकीज ऑडिओ. त्याच्या वरच्या लेव्हलच्या फाइली उलगडताना छोट्या प्रोसेसरला धाप लागते. क्लिप प्लससारख्यावर 'एक्स्ट्रा हाय' लावलं तर गाणं अडखळतं. कोणी एपीई दिली तर फ्लॅक करून घ्या. दोन्ही लॉसलेस, काही गमावत नाही. डीएसडी हा फॉरमॅट दुसरा. त्याची सर्वांत खालची पायरीसुद्धा ५.६ एमबीपीएस, सीडीच्या चौपट. तुम्हाला त्याची गरज नाही, पण जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात असतं.

फुकटफौजदार (मंगळवार, रात्री १०.३१)

बरं बाबा, डिस्कचं मान्य. पण १२८चा मुद्दा सोडत नाही.

सुरपेटी (मंगळवार, रात्री १०.५०)

१२८वर तानपुरा ऐका. जवारीची जी झीण असते ती पाण्याखाली गेल्यासारखी होते. ३२०वर मला फरक सांगता येत नाही, प्रामाणिकपणे. पण १२८? आमच्या गुरुजींना लोकलमध्येच काय, बोळातून जाणार्‍या टेम्पोमधून ऐकवलं तरी ओळखतील.

फुकटफौजदार (मंगळवार, रात्री १०.५३)

गुरुजींना ८.१७ला बसवा. मग बोलू.

मधली_सुट्टी (मंगळवार, रात्री १०.५५)

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी दुकानाचा पत्ता द्या रे. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, पण उद्या पहिली पाळी आहे.

लॅमिंग्टनकर (बुधवार, दुपारी १.०५)

हाक मारली का कोणी? या लाइनीत बावीस वर्षं झाली, दुकान आमचं रिपेअरिंगचं आहे, त्यामुळे विकायला माझ्याकडे काही नाही. मोकळेपणी लिहितो.

लॅमिंग्टन रोडला नवे प्लेअर शोधायला येऊ नका, फारसे मिळणार नाहीत. इथे हल्ली सीसीटीव्ही, राउटर आणि कॉम्प्युटरचे पार्ट. पूर्वी मनीष मार्केट, हाजीअलीचं हिरा पन्ना, पार्ल्याचं अल्फा, इथे काउंटरवर आयपॉड मांडून ठेवलेले असायचे. आता गिर्‍हाइकच नाही. नवा घ्यायचा तर ऑनलाइन, आणि बिलासकट घ्या. वॉरंटीचा शिक्का कोणाचा आहे ते बघा, आयात करणार्‍याचा की नुसत्या विक्रेत्याचा.

आमच्याकडे येतं ते दुरुस्तीला. दहातले आठ फुगलेल्या बॅटरीचे. प्लेअर कपाटात पडून असतो, पूर्ण उतरलेला, दोन-तीन पावसाळे. लिथियमची बॅटरी शून्यावर नेऊन विसरली की आतल्या आत मरते. ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. आणि दुचाकीच्या डिकीत मे महिन्यात ठेवू नका. ऊन बॅटरीला जितकं मारतं तितकं वापरणं मारत नाही.

फुगलेली बॅटरी स्वतः टोकरून काढू नका. एकाने बटर नाइफने काढायला घेतली होती, माझ्या काउंटरवर उभा राहून वर्णन करत होता. भुवया नव्हत्या.

जुना आयपॉड क्लासिक घेणारे हौशी अजून येतात. फिरती डिस्क काढायची, त्या जागी मायक्रोएसडी कार्डाचं अ‍ॅडॉप्टर, सोबत नवी जाडी बॅटरी. वजन कमी आणि तास कुठल्या कुठे. फक्त हे लक्षात घ्या, मूळ सिस्टीमवर आयपॉड फ्लॅक वाजवत नाही, ऑग नाही, डब्ल्यूएमए नाही. अ‍ॅपलची स्वतःची लॉसलेस वाजते. फ्लॅक हवी तर अडगळभाऊंचं रॉकबॉक्स घाला. धागाकर्त्याच्या सहांपैकी तीन प्रकार मूळ आयपॉडवर चालतील: एमपी३, एम४ए, वेव्ह.

टिपकागद (बुधवार, दुपारी ४.२०)

डब्ल्यूएमएबद्दल कोणी बोललंच नाही. साधी डब्ल्यूएमए बर्‍याच प्लेअरवर वाजते. डब्ल्यूएमए लॉसलेस मात्र फार थोड्यांवर. २००४च्या फाइली आहेत ना, त्यावेळी मीडिया प्लेअरमध्ये 'कॉपी प्रोटेक्ट' अशी एक टिचकी असायची. ती चुकून राहिली असेल तर फाइल त्या जुन्या कॉम्प्युटरशी बांधलेली, दुसरीकडे उघडणार नाही. खरेदीआधी घरीच दोन-चार फाइली दुसर्‍या मशीनवर वाजवून बघा. बांधलेल्या निघाल्या तर प्लेअरचा दोष नाही, सीडी शोधून पुन्हा उतरवा.

वेव्हचं फ्लॅक करून टाका. जागा जवळपास निम्मी, आवाज तोच. आणि वेव्हमध्ये नावगाव लिहायची धड सोय नाही, बाबांच्या कॅसेटी 'ट्रॅक ०१' म्हणून राहतील. फ्लॅकमध्ये गायक, राग, साल, रेकॉर्डिंग कोणाच्या घरी झालं, काय हवं ते लिहा.

कोपर्‍यातला (बुधवार, रात्री ८.१२)

वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय. ब्लूटूथ इअरफोन लावले तर बॅटरीचं काय? पिन लावली की गर्दीत वायर कोणाच्या तरी बॅगेत अडकते आणि कान ओढला जातो.

कानसेन (बुधवार, रात्री ८.४०)

स्वागत. ब्लूटूथने प्लेअरचे तास कमी होतातच, आणि आता दोन बॅटर्‍या सांभाळायच्या, प्लेअरची आणि कानातली. फ्लॅक ब्लूटूथवरून जाताना बहुतेक वेळा पुन्हा दाबली जाते. एलडॅकची (ब्लूटूथवरून गाणं पाठवायच्या सोनीच्या पद्धतीची) वरची पायरी ९९० केबीपीएस, सीडी १,४११. पण गर्दीत ९९० टिकत नाही, तुटायला लागलं की स्वतःच खाली उतरतं. घाटकोपरच्या पुलावर माझं रोज उतरतं. लोकलसाठी ठीक आहे. पण मग बॅटरीच्या हिशोबात फ्लॅक की एमपी३ याला काही अर्थ राहत नाही, रेडिओच खातो.

वायर असेल तर शर्टाच्या आतून घ्या. आणि कानात घट्ट बसणारी बोंडं घ्या. बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज कमी ठेवता येतो, कान वाचतात, बॅटरीही. फक्त फाटकापाशी, रुळांपाशी काढून खिशात. यावर चर्चा नको.

बदलापूर_८१७ (रविवार, सकाळी ११.३०)

मंडळी, अपडेट. थोडं हसू येईल.

बुधवारी रात्री घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवत होतो. धाकटा भाऊ ठाण्याहून आला होता, म्हणाला, 'दादा, सोनीचा एक पडलाय माझ्याकडे, तोच ए५५ असेल.' २०१९ला घेतला, तीन महिने वापरला, मग ऑफिसने लॅपटॉप आणि हेडफोन दिले आणि हा खणात गेला. म्हणजे कानसेनकाका ज्याचे गोडवे गात होते तोच, फुकट!

फक्त केबल हरवलेली. आणि याला सोनीची खास रुंद पिन लागते, टाइप-सी नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर अकरा दुकानं फिरलो. 'अशी पिन? साहेब, ही संग्रहालयात मिळेल.' बाराव्या दुकानात खोक्याच्या तळाशी गुंडाळी सापडली, अडीचशे रुपये. लॅमिंग्टनकर, तुमचं दुकान कुठलं ते कळलं असतं तर चहा तरी पाजला असता.

कार्डाचं मात्र गंडलो. बाहेर फुटपाथवर १२८ जीबीचं अर्ध्या किमतीत मिळालं. घरी ३० जीबी भरेपर्यंत सुरळीत, पुढच्या फाइली दिसायच्या पण वाजायच्या नाहीत. तपासायचं सॉफ्टवेअर लावलं तर कार्ड निघालं ३२चं. नाव मोठ्या कंपनीचं छापलेलं, आत भलतंच. काल दुकानातून बिलासकट घेतलं. १२८ जीबीत मिनिटाला ६ एमबी धरले तरी फ्लॅकचे साडेतीनशे तास बसतात, हा हिशोब करून जिवाला शांत केलं.

लॅमिंग्टनकर (रविवार, दुपारी १२.१०)

फुटपाथवरून कार्ड घेतलंत आणि बाराव्या दुकानात केबल. आमच्या रस्त्याची दोन्ही रूपं एका संध्याकाळी बघितलीत.

सहा वर्षं पडलेली बॅटरी आहे. पहिल्या दोन-तीन वेळा चार्ज होताना उशाशी ठेवू नका. पाठीमागचं कव्हर कुठे उचललंय का ते नखाने बघा. सपाट असेल तर चालवा.

बदलापूर_८१७ (पुढचा शनिवार, रात्री ९.५५)

सपाट आहे. आठवडाभराचा हिशोब वहीत लिहून ठेवला, तो देतो.

सोमवारी सकाळी भरून निघालो. ब्लूटूथ बंद, इक्वलायझर बंद, आवाज निम्म्याच्या खाली, ऐकलं ते निम्म्याहून जास्त फ्लॅक, बाकी एम४ए आणि डब्ल्यूएमए. स्क्रीन वरचेवर चालू करत होतो हे कबूल, नवं खेळणं आहे. बुधवारी मुंब्र्याच्या पुढे गाडी पन्नास मिनिटं उभी होती, तेवढा जास्तीचा खर्च. शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा एकोणीस तास भरले होते आणि बॅटरीच्या चित्रात अजून एक पट्टी शिल्लक. ४५ अर्थातच नाहीत. जुनी बॅटरी, फ्लॅक आणि माझी स्क्रीनची खाज धरता माझं काम झालं.

फाइलींचं: ऑग वाजल्या नाहीत, या प्लेअरवर तो फॉरमॅटच नाही. अकराच होत्या, एमपी३ करून टाकल्या. सीडी आता कोणाकडे आहेत देव जाणे, तेव्हा झेरॉक्सची झेरॉक्स झालीच शेवटी. डब्ल्यूएमएतल्या चार सीडी टिपकागद म्हणाले तशा बांधलेल्या निघाल्या. माळ्यावरून खोका काढला, तीन सापडल्या. चौथीसाठी बायको म्हणते ती मीच कोणालातरी दिली. मी म्हणतो तिने.

विलंबित-द्रुतमधला तानपुरा तुटत नाही, फ्लॅकमध्ये तरी. वेलांटीची परीक्षा घेतली नाही, माझी नावं सगळी रोमनमध्ये आहेत. सुरपेटीताई, रागावू नका.

सुरपेटी (शनिवार, रात्री १०.१०)

रागावते. बाबांच्या कॅसेटींची नावं तरी मराठीत लिहा. निदान फाइलमध्ये, प्लेअर दाखवो न दाखवो.

फुकटफौजदार (शनिवार, रात्री १०.१८)

म्हणजे शेवटी फुकटातच काम झालं. मी काय म्हणत होतो?

अडगळ (शनिवार, रात्री १०.२०)

तुम्ही पॉवर बँक म्हणत होतात.

बदलापूर_८१७ (रविवार, सकाळी ८.४०)

एक राहिलं. काल बाबांच्या कानात लावून दिला. त्यांच्याच कॅसेटमधलं, ७८ सालच्या गणेशोत्सवातलं रेकॉर्डिंग. मध्ये मंडळाचा माणूस लाउडस्पीकरवर 'निळ्या फ्रॉकमधली मुलगी हरवली आहे' असं सांगतो, ते येईपर्यंत ऐकत बसले. ते आलं तेव्हा हसले. मग प्लेअर उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, 'यात रेडिओ लागतो का?'

बाबांसाठी रेडिओवाला, मोठ्या बटणांचा, टिकाऊ बॅटरीचा कुठला?

कानसेन (रविवार, सकाळी ९.०५)

एफएम असलेल्या बहुतेक प्लेअरना वायरचे इअरफोन लागतात, तीच वायर अँटेना असते. बटणांसाठी नवा धागा काढा, तो विषय मोठा आहे.

कोपर्‍यातला (रविवार, सकाळी ९.३१)

काढलात की लिंक इथे टाका. माझ्या आईलाही हवाय.